गिऱ्ह्याची शेंडी कुठे ठेवली, ते आजोबांना विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सात वर्षांचा. तुम्ही पुण्यात राहता, आणि मे महिन्यात तो पंधरा दिवस गुहागरकडे आजोबांच्या घरी राहून आला. तिथे एका रात्री अंगणात त्यांनी त्याला गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या एका भुताची, गोष्ट सांगितली, दुसऱ्या रात्री हडळीची. तेव्हापासून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही तो रात्री एकटा बाथरूमला जात नाही. ड्रॅगन, युनिकॉर्न त्याला तोंडपाठ आहेत, पण त्यांना तो घाबरत नाही. तर सासऱ्यांना या गोष्टी बंद करायला सांगायच्या का, आणि मुलांना सांगण्याजोगे आपल्याकडचे अद्भुत प्राणी, राक्षस, भुतं आहेत तरी कोणती, असं तुम्ही विचारलंय.

बंद करायला सांगू नका. अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करून द्यायला सांगा.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात, पहिली ते चौथीच्या वर्गांवर. एका खोलीत दोन वर्ग, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि घरी सोडावं तर पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलेलं. अशा वेळी गोष्ट सांगण्याशिवाय बाईंच्या हातात दुसरं काही नसतं. निवृत्त झाल्यावरही तेच चाललंय, फक्त आता मस्टरवर सही नाही. त्यामुळे घाबरलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. काहींना मीच घाबरवलं, तेही पुढे सांगते.

आधी बाथरूमचं बघू. तुमच्या मुलाचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. गिऱ्हा हे पाण्यातलं भूत. आजोबा म्हणाले, तो पाण्यात राहतो. आता फ्लॅटमध्ये पाणी कुठे? बाथरूममध्ये. बादली भरलेली, नळ टपटपतोय, वरच्या झडपेतून काळोख दिसतोय. पोराने नियम ऐकला आणि बरोबर जागी लावला. नियमाचा पुढचा भाग त्याला कुणी सांगितला नाही, एवढंच. किंवा सांगितला असेल, पण तोवर तो आजोबांच्या मांडीवर झोपला असेल. असंही होतं.

पुढचा भाग असा. गिऱ्हा बादलीत राहत नाही, विहिरीतसुद्धा सहसा नाही. त्याची जागा म्हणजे नदीचा उतार, खाडीची कड, साकवाखालचा डोह. बुडून मेलेल्या माणसाचा गिऱ्हा होतो म्हणतात. रात्री पलीकडे जायला निघालेल्या माणसाला तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ‘इकडून ये, इथे पाणी कमी आहे’ म्हणतो आणि खोलात नेतो. इथपर्यंत ऐकून झोपलेल्या मुलाला स्वप्न पडणारच. पण गिऱ्ह्याचा सगळा जोर असतो शेंडीत. ती कापून घेतली की तो तुमचा गडी. पाणी शेंदेल, नांगर धरेल, टोपलीभर मासे आणून ओतेल. मात्र रोज एकदा विचारणार, ‘माझी शेंडी दे.’ ती द्यायची नाही आणि त्याला सापडेल अशा जागी ठेवायची नाही, कारण सापडली की त्याचा जोर परत आला आणि घराचा सत्यानाश झाला. मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला माणूस ती शेंडी स्वतःच्या मांडीत शिवून ठेवतो. वर्गात इथे मला नेहमी थांबवलं जायचं. ‘बाई, मग तो माणूस शेंडीवर बसायचा कसा?’ हा प्रश्न विचारणारं मूल घाबरलेलं नसतं. ते आता गिऱ्ह्याच्या मालकाच्या बाजूने विचार करत असतं.

आपल्या भुतावळीत मला सगळ्यात आवडतं ते हे. जवळजवळ प्रत्येकाला पत्ता आहे, सवय आहे आणि खोड मोडायची युक्ती आहे. मुंजा पिंपळावर. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेला असा मुलगा, म्हणून स्वभावही पोरकट, खडे मारणारा, चिकटणारा. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हापासून शहरातली मुलंही मला त्याच्याबद्दल विचारतात. समंध आपल्या पुरलेल्या धनावर नाहीतर वाड्यावर, कारण मागे वारस नाही आणि जीव अडकलेला. खवीस परका, मुसलमान नाहीतर हबशी माणसाचं भूत मानलेला. नावही अरबीतून आलेलं. किनाऱ्यावर कोणकोणती गलबतं लागत होती, त्याची ही एक खूण म्हणा, आणि परक्या माणसाबद्दल गावाच्या मनात काय होतं त्याचीही.

चकवा तर याहून मजेचा. त्याला रूपच नाही. रात्री माळावर, रानात माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो. त्याला ‘चकवा लागला’ म्हणायचं. उपाय काय, तर जागच्या जागी बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. तो दिसेनासा झाला की आपण सरळच चाललोय अशा समजुतीत ती गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. म्हणजे चकव्यावरचा आजोबांचा उपाय आजही द्यावा असाच आहे. हे मी चौथीच्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना दोन्ही हवं असतं, चकवाही आणि सहाराही. एकामुळे दुसरं खोटं पडलं असं त्यांना वाटत नाही. मोठ्यांनाच तशी घाई असते.

वेताळाचं आणखी वेगळं. तो गोष्टीतही आहे आणि देवळातही. गोष्टीतला वेताळ विक्रम राजाच्या खांद्यावर. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त त्या पंचवीस गोष्टी घेतल्या, आणि तुमच्या-माझ्या पिढीला तो ‘चांदोबा’च्या अंकात भेटला, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजासकट. तिथेही नियमच आहे. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोकं फुटणार, बोलला तर वेताळ परत झाडावर. इकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा हा गावचा रक्षणकर्ता. त्याला नवस फेडताना भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात. गोव्यात लोलयेला, आमोण्याला बेताळ आहे. मुलांना आधी चपलांचं सांगा. ‘एवढ्या मोठ्या चपला कोण शिवतं?’ इथून गाडी सुरू होते आणि भीती कुठल्या कुठे मागे पडते.

आता या सगळ्यात मला खरोखर नको असलेला एकच आहे. बागुलबुवा.

त्याला काही पत्ता नाही, गोष्ट नाही. तो कसा दिसतो, काय खातो, कशाला भितो, कुणी सांगत नाही. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल.’ येऊन काय करील? काही नाही, येईल. मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी केलेलं ते एक रिकामं भोक आहे, त्यात मूल स्वतःच भर घालतं, आणि मुलाकडे भर घालायला पुष्कळ असतं. ‘पोलीस येईल’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘तो गोणीवाला घेऊन जाईल’ हे त्याचेच भाऊबंद. गोणीवाल्याचं तर जास्तच वाईट, कारण तो बिचारा खरा माणूस असतो, दारावर भंगार मागायला आलेला. तुमच्या घरी यातलं काही चालत असेल, आजी म्हणत असतील, सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणत असतील, तर आधी ते थांबवा. गिऱ्ह्याला हात लावायची गरज पडायची नाही.

बागुलबुवा कसा तयार होतो यावर आपल्याकडे एक फार शहाणी गोष्ट आहे. तुम्ही ऐकली असेल, टिपटिपाची. पावसाळी रात्र, म्हातारीची झोपडी गळतेय. ती अंथरूण इकडे ओढते, भांडं तिकडे सरकवते आणि कुरकुरते, ‘मी वाघाला भीत नाही बाई, पण या टिपटिपाला भिते.’ बाहेर पागोळ्यांखाली पावसापासून आडोशाला उभा असतो वाघ. त्याने ऐकलं. हे टिपटिप काय असेल? आपल्याहून भयंकर म्हणजे केवढं असेल? तेवढ्यात हरवलेलं गाढव शोधत कुंभार येतो. अंधारात हाताला जनावर लागतं. ‘सापडलास का रे!’ म्हणून दोन रट्टे घालतो, कान पिळतो, वर बसतो आणि घरी नेऊन खुंटीला बांधतो. वाघ मुकाट. त्याची खात्रीच पटलेली असते, टिपटिपाने आपल्याला धरलं.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली याला मोजमाप नाही. कान पिळण्याच्या ठिकाणी मुलं हसून लोळतात, कारण टिपटिप काय आहे हे त्यांना माहीत असतं आणि वाघाला माहीत नसतं. तुमच्या मुलाला ही गोष्ट बाथरूमच्या दाराशी उभं राहून सांगा, नळ टपटपत असताना. एरवी मी गोष्टीतून काही शिकवायच्या विरुद्ध आहे. इथे शिकवावं लागतच नाही.

ही गोष्ट छापून निघाली त्यालाही दीडशेहून जास्त वर्षं झाली. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याची मुलगी मेरी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. मुक्कामात वेळ जाईना, म्हणून तिने आपल्या आयाबाईला, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा हिला, गोष्टी सांगायला लावल्या आणि उतरून घेतल्या. १८६८ मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक झालं. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेलं, आणि गोष्टी तिच्या आजीकडच्या. म्हणजे इथेही मुळाशी एक आजीच. टिपटिपाचा वाघ आणि कुंभार त्या पुस्तकात आहेत. आणि तिथेच आहे ती दुसरी गोष्ट, पोपटात जीव ठेवलेल्या दुष्ट जादूगाराची. आपल्या घराघरांत तो जादूगार नसून राक्षस असतो.

त्या गोष्टीतली जागा बघा कशी नेमकी आहे. दूरच्या रानात ताडांचं रिंगण, मधोमध पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकावर एक, सहाव्या घागरीखाली छोटा पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. मुलगा तो पोपट मिळवतो. पोपटाचा एक पंख उपटला, जादूगाराचा उजवा हात गळून पडला. दुसरा पंख, डावा हात. एक पाय, मग दुसरा. शेवटी मान. क्रूर आहे, मान्य. पण सहा-सात वर्षांची मुलं हे ऐकताना हिशेब मांडतात. पंखाला हात, पायाला पाय. राक्षसाची ताकद कुठून येते ते कळलं, आणि ती मुठीत मावण्याएवढी निघाली. मुठीतला तो पोपट हाच या गोष्टीचा जीव. काही पालक मला विचारतात, पोपट मारायचं वगळलं तर? मी वगळून पाहिलंय. पोपट उडून गेला आणि राक्षस सुधारला, असं सांगितलं. एका मुलाने विचारलं, ‘आणि परत बिघडला तर?’ त्या दिवसापासून वगळत नाही.

राक्षसाबद्दल आणखी एक. भूत आणि राक्षस यांत गल्लत करू नका, मुलं करत नाहीत. भुताचं काहीतरी अपुरं राहिलेलं असतं. राक्षसाला फक्त भूक असते. म्हणून लहान मुलांना, म्हणजे पाच-सहापर्यंत, राक्षस द्यावा, भूत थांबू शकतं. भूक त्यांना कळते. बकासुराच्या गोष्टीत एकचक्रा नगरीतून गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस जातो, आणि भीम बकासुरासमोर बसून तो भात स्वतःच चापतो, पाठीत गुद्दे बसत असताना. मुलांना लढाईपेक्षा हे जेवण हवं असतं. भोपळ्यातली म्हातारीही भुकेशीच सौदा करते. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ वाघ मान्य करतो, कारण हिशेब त्याच्या फायद्याचा दिसतो.

आता हडळ. इथे मात्र तुमच्या सासऱ्यांशी थोडं बोलायला हवं, आणि मला माझी चूक सांगायला हवी.

बरीच वर्षं झाली. तिसरी-चौथीचा वर्ग, श्रावणातला पाऊस. मुलांनीच हट्ट धरला, हडळीची सांगा. मी रंगात येऊन सांगितली. केस मोकळे, पाय उलटे, पुढून देखणी आणि मागून पोकळ. हडळ कोण होते, तर बाळंतपणात मेलेली बाई. सगळा वर्ग चिडीचूप. सुट्टी झाल्यावर एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची आई धाकट्या भावाच्या वेळी गेलेली होती. मला माहीत होतं आणि सांगताना आठवलं नव्हतं. ती म्हणाली, ‘बाई, माझी आईपण झाली काय?’

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, ते अपुरंच होतं. पण त्यानंतर मी या भुतांकडे जरा नीट पाहायला लागले. बाळंतपणात गेलेली ती हडळ. नवऱ्यामागे राहिलेली आणि तशीच गेलेली ती लाव. संसारात जीव अडकून गेलेली सवाष्ण ती जखीण. ज्या घरात ती गेली, जिथे तिला वेळेवर सुईण मिळाली नाही, पोटभर खायला मिळालं नाही, त्याच घराने नंतर तिला भ्यायचं ठरवलं. भ्यायचं कारण होतं की!

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आमच्याच पेशातल्या माणसांनी हे सगळं लिहून ठेवलंय, हे मला पुढे कळलं. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून गावातल्या समजुतींची माहिती मागवली होती. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. ती टिपणं मागे राहिली, ती एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने नीट लावली, आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये निघाला. तळटीपांत मास्तरांचं नाव नाही, नुसता हुद्दा आणि गाव. गिऱ्हा, देवचार, मुंजा, हडळ ओळीने आहेत, कोण कसा मेला की काय होतो ते मांडलेलं आहे. प्रश्नावली भरायला मास्तर तेव्हाही होते, आताही आहेत. पण ती यादी भुतांची म्हणून न वाचता मरणांची म्हणून वाचली, तर त्या काळच्या कोकणात माणसं कशाने जात होती ते समोर येतं. नदी, बाळंतपण, मुंज झालेली पोरं.

तर माझा नियम असा. हडळ दहा-अकरा वर्षांच्या आधी नाही. आणि सांगायची तर तिची बाजू धरून सांगायची, ती कशी मेली तिथून सुरुवात करून. सात वर्षांच्या मुलासाठी ती नकोच. तुमच्या मुलाने ऐकलीच आहे, तर विचारा त्याला, तिला काय हवं असेल? एका मुलाने मला उत्तर दिलं होतं, ‘बाळ बघायचं असेल.’

आणि एक रेघ पक्की. गोष्टीतली हडळ गोष्टीत. गावातल्या कुणा बाईकडे बोट दाखवून ‘ही तसली’, ‘हिला काहीतरी येतं’ असं कुणी मुलांसमोर म्हणालं, तर तिथल्या तिथे तोडायचं. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा उगाच आलेला नाही. डॉ. दाभोलकरांचा त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात खून झाला. तुम्ही पुण्यातच आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ड्रॅगन-युनिकॉर्नला तो का घाबरत नाही, याचं उत्तर सोपं आहे. ते दप्तरावर असतात, पाण्याच्या बाटलीवर असतात. गिऱ्हा आजोबांच्या आवाजात आला, आणि आजोबा कधी खोटं बोलत नाहीत. ड्रॅगन काढून टाकायची काही गरज नाही, मुलांच्या डोक्यात जागेची कमतरता नसते. त्याच्या शेजारी आपले दोन-चार ठेवा. जुन्या दगडी देवळाच्या उंबऱ्यावर किंवा दारावर मोठ्या डोळ्यांचं, वासलेल्या तोंडाचं मुंडकं असतं, ते कीर्तिमुख. शंकराने एका रागाच्या क्षणी ते निर्माण केलं. त्याला भयंकर भूक. खायला काय, तर शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने शेपटीकडून सुरुवात केली आणि तोंडच तेवढं शिल्लक राहिलं. शंकर खूश झाले, म्हणाले, तू माझ्या दारात राहा. पुढच्या वेळी देवळात गेलात की मुलाला ते शोधायला लावा. किल्ल्याच्या दारावर शरभ असतो, सिंहासारखा पण सिंह नव्हे, कुठे कुठे पंज्यांत हत्ती पकडलेले. मुरुड-जंजिऱ्याच्या दारात असा एक आहे. हत्ती उंदराएवढे कोरलेत. मुलं तिथून हलत नाहीत.

आणि पाण्याचीच भीती आहे, तर पाण्याच्या बायका सांगा, साती आसरा. अप्सरा शब्दाचंच हे आपलं रूप. विहिरीपाशी, तळ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात, कुणीतरी हिरव्या बांगड्या, हळदकुंकू ठेवलेलं असतं. त्यांची नावं पाहा, मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. पाण्यात एकटा गिऱ्हा राहत नाही हे मुलाला कळलं की पाणी जरा भरल्यासारखं वाटतं. त्यांचाही धाक असतो, रागावतातही. पण हा धाक शेजारच्या काकूंच्या धाकासारखा.

जमलं तर शिमग्याला गुहागरला जा. तिकडच्या खेळ्यांत संकासुर असतो. काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, लोंबणारी लाल जीभ, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो वाडीत शिरला की घुंगरं आधी ऐकू येतात आणि पोरं सुसाट पळतात. माझ्या एका विद्यार्थ्याची गंमत सांगते. पहिल्या वर्षी तो माळ्यावर लपला. दुसऱ्या वर्षी दाराच्या फटीतून पाहत राहिला. तिसऱ्या वर्षी धीर करून अंगणात उभा राहिला, तर संकासुर अगदी जवळ आला, वाकला, आणि पोराची नजर गेली त्याच्या पायांकडे. उजव्या पायाचा अंगठा चेचलेला, नखावर काळा डाग. तो अंगठा त्याने घरी रोज पाहिलेला होता. त्याचा चुलता. तो कुणाला काही बोलला नाही. पुढच्या वर्षीही पळाला, सगळ्यांबरोबर ओरडत. मी विचारलं, ‘का रे पळालास, तुला तर माहीत होतं?’ म्हणाला, ‘पळालो नाय तर मजा काय?’

आता तुमच्या घरापुरतं. बाथरूमचा दिवा महिनाभर चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. ‘भूतबीत काही नसतं, झोप’ असं म्हणू नका. त्याने विचारलं, ‘गिऱ्हा खरंच असतो का?’ तर सरळ सांगा की तो गोष्टीतला आहे, आणि लगेच पुढचा प्रश्न त्याला टाका, ‘तुझ्या मते तो पावसाळ्यात काय करतो?’ चित्र काढू द्या. शेंडी किती लांब काढतो ते पाहा, पहिल्या चित्रात ती बहुतेक नसतेच. आणि रविवारी आजोबांना फोन लावून द्या. तक्रार म्हणून लावू नका, म्हातारा माणूस पुन्हा तोंड उघडायचा नाही. मुलालाच विचारू दे, ‘आजोबा, गिऱ्ह्याची शेंडी कुणी कापली?’ ते सांगतील, त्यांना ती नक्की माहीत असणार.

शेंडी लपवली कुठे, ते मात्र फोनवर सांगू नका म्हणावं. गणपतीला घरी आल्यावर दाखवतो म्हणा.